लाँच्या टेकडीवरचे सोळा बैल

फ्रान्सला जाऊन आलेल्या माणसाने लिहावयाचे ते पॅरिसच्या नोत्र दामविषयी, नाही तर शार्त्रच्या रंगीत काचांविषयी, असा एक संकेतच आपल्याकडे पडून गेला आहे. त्या वास्तू थोर आहेतच. पण मला लिहावेसे वाटते ते एका आडबाजूच्या गावच्या कॅथीड्रलविषयी. त्याला दोन कारणे आहेत. एक तर त्याच्या मनोऱ्यांवरून खाली पाहतात ते देवदूत नव्हेत, बैल आहेत. आणि दुसरे असे की, त्याच जागेवरच्या जुन्या कॅथीड्रलच्या सावलीत गावच्या साध्यासुध्या माणसांनी आपल्या हक्कांच्या सनदेसाठी खुद्द बिशपचा जीव घेतला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. तोच सांगावा म्हणून हा लेख.

गावाचे नाव लाँ. लिहिताना फ्रेंच लोक त्यात चार अक्षरे खर्च करतात आणि बोलताना एकाच सानुनासिक स्वरात सारे उरकतात. पॅरिसच्या ईशान्येला, आगगाडीने दीड-दोन तासांच्या अंतरावर हे गाव आहे. एन नावाच्या जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे. वस्ती मात्र पंचवीस हजारांच्या आतबाहेर. चहूकडे शेतीचे सपाट मैदान, आणि त्यात एकाएकी उठलेली शंभरएक मीटर उंचीची टेकडी. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीतले जुने गाव, पायथ्याशी स्टेशन आणि नवी वस्ती. मैदानातून येताना कोसभर आधीच टेकडीवरचे मनोरे दिसू लागतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पॅरिसला नोकरी करणाऱ्या भाच्याकडे गेलो होतो. त्याला घेऊन एके दिवशी लाँ गाठले. स्टेशनासमोरूनच वर जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात. दोरावर ओढली जाणारी एक छोटी गाडी १९८९ पासून माणसांना वर नेत असे. २०१६ मध्ये ती बंद झाली. तेव्हा पायीच निघालो. निम्म्या वाटेवर भाचा म्हणाला, "मामा, दम लागला असेल तर बसू या जरा."

"बसू या," मी म्हटले, "पण इथून दगड वर नेणारे किती वेळा बसले असतील, ते आधी मोजू दे."

हे मी थट्टेने बोललो खरे. पण लाँचे कॅथीड्रल कळावयाचे तर हा चढ पायांना कळलाच पाहिजे. माथ्यावर पोहोचून अरुंद गल्ल्यांतून पुढे गेले की एकदम चौक लागतो आणि समोर पश्चिमेची दर्शनी बाजू उभी राहते. तीन खोल कमानी, त्यांच्यावर मोठी चक्राकार खिडकी, आणि दोन अंगांना दोन मनोरे. मनोऱ्यांच्या वरच्या मजल्यांवर कोपऱ्याकोपऱ्याला बारीक खांबांच्या उघड्या छत्र्या आहेत. मेघडंबरी म्हटले तरी चालेल. त्या खांबांमधून दगडी बैल पुढे डोकावतात. दोन्ही मनोरे मिळून सोळा. आपल्या बैलासारखे त्यांना वशिंड नाही. परंतु मान पुढे काढून, चढ संपल्यावर खालच्या मैदानाकडे बघत उभे राहण्याची त्यांची रीत मला तरी परकी वाटली नाही. ज्याच्या घरी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवली जातात, त्याला त्यांच्यापुढे उभे राहून फारसे भाषांतर लागत नाही.

तेराव्या शतकात व्हिलार द ओनकूर नावाचा एक मनुष्य ठिकठिकाणच्या इमारती पाहून त्यांची चित्रे एका वहीत काढून ठेवीत असे. ती वही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. त्या वहीत लाँचा मनोरा बैलांसकट आहे, आणि असा मनोरा आपण दुसरीकडे कुठेही पाहिला नाही अशा अर्थाची नोंदही आहे. पुढे जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या कॅथीड्रलवरही लाँच्या धर्तीवर मनोऱ्यांत गुरे उभी राहिली.

हे बैल तिथे का, याचे उत्तर गावात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. ज्यांनी दगड नि लाकूड टेकडीवर चढवले, त्यांच्या उपकाराची ही आठवण. त्यामागे एक कथाही आहे. बांधकामाचे सामान वर नेणाऱ्या एका गाडीचा बैल अर्ध्या चढावर थकून कोसळला. गाडीबरोबरचा पाद्री दुसरा बैल शोधू लागला, तोच कुठून तरी एक धष्टपुष्ट बैल धावत आला, जुवाला लागला, गाडी माथ्यावर पोहोचवली, आणि कोणी हाकण्याची वाट न पाहता आल्या पावली निघून गेला. ही कथा ज्याने लिहून ठेवली, त्याचे नाव गीबेर. लाँजवळच्या नोजाँच्या मठाचा हा मठाधिपती. बैलाची कथा ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात त्याने १११२ सालच्या बंडाचा वृत्तान्त लिहिला आहे. आणि आपल्याला त्या बंडाविषयी जे काही ठाऊक आहे, ते बहुतांशी या एकाच माणसाकडून, म्हणजे बंडवाल्यांच्या शत्रूकडून.

कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते. मध्ययुगात लाँचा बिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता. गावचा धनीही तोच होता. ११०६ साली हे आसन गोद्री नावाच्या गृहस्थाला मिळाले. हा पूर्वी इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाच्या पदरी होता. घोडे, कुत्री आणि लढाया हे त्याचे आवडीचे विषय. १११० च्या जानेवारीत गावातला एक वजनदार सरदार, केर्झीचा जेरार, कॅथीड्रलमध्ये प्रार्थना करीत असताना तिथेच मारला गेला. बिशप त्या वेळी रोमला होता. पण हे काम त्याच्या संमतीने झाले, अशी सर्वांची खात्री होती. देवळात माणूस मारला जातो आणि देवळाच्या धन्यावर संशय येतो, अशा गावात सामान्य रयतेची काय दशा असेल, याची कल्पना करावी.

पुढे बिशप इंग्लंडला गेला असताना गावकऱ्यांनी सरदारांना व पाद्र्यांना पैसे देऊन एक सनद पदरात पाडून घेतली. तिला ते 'कॉम्यून' म्हणत. मागणे तरी काय होते? डोईपट्टी वर्षातून एकदाच भरू. गुन्हा घडला तर कायद्याने ठरलेला दंड देऊ. त्यापलीकडे वाटेल तेव्हा वाटेल तेवढे उकळू नका. गीबेरला हा शब्दच अभद्र वाटतो. पण त्याचा अर्थ मात्र त्याने प्रामाणिकपणे सांगून ठेवला आहे, म्हणून आपल्याला तो कळतो. बिशप परतला, रागावला, पैसे घेऊन शांत झाला, आणि सनद पाळण्याची शपथही त्याने घेतली. राजा सहावा लुई यानेही पैसे घेऊन तिला मान्यता दिली.

हा काळ आपल्या ओळखीचा करून घ्यावयाचा तर इकडे कल्याणीच्या गादीवर सहावा विक्रमादित्य चालुक्य होता. तिकडे १११२ च्या ईस्टरच्या आठवड्यात बिशपने राजाला लाँला बोलावले. हेतू सनद रद्द करवण्याचा. गावकऱ्यांना सुगावा लागला आणि त्यांनी राजाला चारशे लिव्र देऊ केले. बिशप आणि सरदार यांनी सातशे सांगितले. लिलावात जे होते तेच झाले. राजाने सनद मोडली आणि गुड फ्रायडेच्या पहाटेच गावातून काढता पाय घेतला. इतक्यावरही बिशपचे समाधान झाले नाही. सनद मिळवताना ज्याने जितके पैसे दिले होते, तितकेच आता ती मोडल्याबद्दल त्याच्याकडून वसूल करावे, असा बेत त्याने आखला! लोक खवळले आहेत असा इशारा त्याला मिळाला होता. ही माणसे माझे काय वाकडे करणार, म्हणून त्याने तो हसण्यावारी नेला.

२५ एप्रिल १११२, गुरुवार. 'कॉम्यून! कॉम्यून!' असा एकच घोष करीत लोक तलवारी, कुऱ्हाडी, धनुष्ये घेऊन बिशपच्या वाड्यात घुसले. बिशप तळघरात एका पिंपात लपला. त्याला शोधून काढणाऱ्या तिएगो नावाच्या माणसाला बिशप 'इझेंग्रिन' म्हणून चिडवीत असे. कोल्ह्या-लांडग्यांच्या जुन्या गोष्टींतल्या लांडग्याचे हे नाव. त्या लांडग्याने बिशपला केसांना धरून पिंपातून ओढले. कुऱ्हाडीचे घाव पडले. अंगठीसाठी बोट तोडले गेले. मग आग लागली, ती पसरत कॅथीड्रलवर गेली. एवढ्यावर हे थांबले नाही. राजाच्या भीतीने गावकरी पळून गेले, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसे ओस पडलेल्या गावात शिरून लुटालूट करू लागली, आणि सरदारांच्या माणसांनी मागे राहिलेल्यांवर सूड उगवला. उघड्यावर पडलेले बिशपचे प्रेत दुसऱ्या दिवशी आन्सेल्म नावाच्या एका वृद्ध शिक्षकाने मूठमाती देण्यासाठी नेवविले. त्या दोन दिवसांत माणसासारखा वागलेला हा एक मनुष्य मला दिसतो.

जळालेले कॅथीड्रल दुरुस्त करावयाचे तर पैसा हवा. पाद्री मंडळी संतांचे अवशेष पेटीत घालून गावोगाव हिंडू लागली. १११२ साली त्यांनी फ्रान्समध्ये फेरी काढली, १११३ साली समुद्र ओलांडून इंग्लंडात. तिथे बॉडमिन गावी एक गंमत झाली. तिथल्या एका लुळ्या हाताच्या माणसाने सांगितले की, आमचा आर्थर राजा अजून जिवंत आहे. पाद्र्यांबरोबरची माणसे हसली आणि त्यावरून हातघाईवर प्रसंग आला. दंतकथांच्या अभ्यासकांना ही नोंद मोलाची वाटते. आपल्याला त्यातून एवढेच कळावे की, लाँच्या एका छपरासाठी कॉर्नवॉलच्या कोपऱ्यातल्या माणसांनीही पदरचे पैसे घातले. १११४ साली दुरुस्त केलेल्या चर्चची प्रतिष्ठापना झाली. बैलाची कथा आहे ती या दुरुस्तीच्या वेळची.

आज दिसते ते कॅथीड्रल मात्र त्यानंतरचे. जुने पुरेनासे झाले, म्हणून गोतिए द मोर्तान्य या बिशपच्या कारकिर्दीत, साधारण ११५५ ते ११६० च्या दरम्यान, नवे सुरू झाले आणि काम तेराव्या शतकात बरेच पुढेपर्यंत चालले. ज्याने आराखडा केला, त्याचे नाव कुणाला माहीत नाही. गॉथिक शैलीच्या आरंभीच्या काळातली ही कृती. आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो फिकट, जवळजवळ पांढऱ्या दगडावर पडलेला उजेड. लांबी एकशे दहा मीटर, छताची उंची चोवीस मीटर. आणि भिंत मात्र एका वर एक अशा चार मजल्यांची. खालच्या कमानी, त्यांच्यावर सज्जा, त्यावर अरुंद ओवरी आणि सर्वांत वर खिडक्या. मधोमध जिथे आडवा नि उभा भाग छेदतात, तिथे डोक्यावर एक उंच मनोरा आतून पोकळ आहे; त्याच्या खिडक्यांतून उजेड विहिरीत उतरावा तसा खाली उतरतो. एकूण सात मनोरे उभारावयाचे होते, त्यांपैकी पाच आज आहेत. पूर्वेचे टोक सहसा अर्धगोल असते. इथे १२०५ च्या सुमारास ते पाडून लांब आणि सपाट भिंतीचे केले. या कॅथीड्रलशी जोडलेल्या पाद्र्यांची संख्याच ऐंशीच्या वर होती. त्यांना बसायला जागा नको का?

मी शिक्षक, माझे पाय आपोआप उत्तरेकडच्या चक्राकार खिडकीखाली थांबले. तिच्या मध्यभागी तत्त्वज्ञानाची मूर्ती आणि भोवती व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, भूमिती, ज्योतिष, संगीत अशा विद्या काचेत बसवल्या आहेत; जोडीला वैद्यकही आहे. चर्चच्या भिंतीत विद्यांना एवढा मान मिळाला तो गावच्या शाळेमुळे. ज्या आन्सेल्मने बिशपच्या प्रेताची विल्हेवाट लावली, तोच या शाळेचा नामांकित आचार्य. युरोपभरचे विद्यार्थी त्याच्यापाशी येत. बंडानंतर वर्षभरात आबेलारही आला. हा तरुण बुद्धिमान आणि तितकाच फटकळ. म्हाताऱ्यापाशी शब्दांचा साठा मोठा पण अर्थ थोडा, असे त्याने पुढे लिहून ठेवले. शिष्य गुरूपेक्षा प्रसिद्ध झाला, हे बरेच झाले. पण दंगलीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरण्याचा प्रसंग आबेलारवर आला नव्हता, एवढे मी शिक्षकांच्या बाजूने नमूद करतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १११२ च्या गावकऱ्यांचे पुढे काय झाले? ११२८ साली राजाने त्यांना पुन्हा सनद दिली. मात्र तिच्यात 'कॉम्यून' हा शब्द टाळून तिला 'शांततेची स्थापना' असे नाव दिले. शब्दाची भीती सोळा वर्षांनंतरही गेली नव्हती. टेकडीवरच्या लोकांना असे थोडेफार मिळाले, पण टेकडीखालच्या खेड्यांना नाही. हा मुलूख द्राक्षांचा. इथली वाइन दूर फ्लँडर्सपर्यंत जात असे. ते मळे कसणाऱ्या खेड्यांनी ११७४ साली, बिशपची जागा रिकामी असताना, सातव्या लुई राजाकडून आपल्यापुरती सनद मिळवली. नवा बिशप रॉझेचा रोजे आला. त्याला ती सहन होईना. ११७७ साली त्याने आपल्या नातलग सरदारांचे घोडेस्वार जमवले आणि या शेतकऱ्यांना कापून काढले. ११९० साली फिलिप ऑग्युस्त राजाने ती सनद कायमची रद्द केली.

या तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात. ११७४, ११७७, ११९०. ही सारी कॅथीड्रल चढत होते तीच वर्षे. दगडांच्या गाड्या याच मैदानातून जात होत्या. त्या हाकणारी माणसे याच मुलखातली असणार. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पश्चिमेचे मनोरे पुरे झाले व त्यांवर बैल बसवले गेले.

बैलांचा हा सन्मान खोटा होता, असे मला म्हणावयाचे नाही. ज्या पाथरवटाने ते घडवले त्याने बैल नीट पाहिलेला होता, आणि पाहिलेला नुसता नव्हे, त्याच्यावर माया केलेली होती, हे खालून चौकातूनही कळते. पण मला राहून राहून एक गोष्ट खटकली. बैल ओढतो आणि गप्प राहतो. तो सनद मागत नाही, पट्टी वर्षातून एकदाच घ्या म्हणत नाही. कथेतला तो अद्भुत बैल तर काम होताच दाणावैरणही न मागता निघून गेला. ज्यांना फुकट कष्ट हवे असतात त्यांच्या मनातला हा आदर्श गडी! त्याला मनोऱ्यावर चढवण्यात कुणालाच धोका नव्हता. ज्याने कासरा धरला होता त्या माणसाला तोंड होते आणि त्याला बोलता येत होते. म्हणून त्याला वर जागा मिळाली नाही.

तरीही ही वास्तू केवळ जुलमाची निशाणी म्हणून मी पाहू शकलो नाही. आत गुडघे टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे पाहून मला वाटले, ज्यांच्या आज्यापणज्यांचे रक्त या टेकडीवर सांडले त्यांचीही प्रार्थना याच छताखाली झाली असणार. माणसे आपल्या धन्याचा द्वेष करतात आणि त्याच धन्याने बांधवलेल्या देवळात मनापासून हात जोडतात. यात ढोंग नाही. देऊळ आपल्या घामाचे आहे, हे त्यांना धन्याहून अधिक ठाऊक असते.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. गावची सनद १३३१ साली सहाव्या फिलिप राजाने कायमची काढून घेतली. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९० साली, लाँचे बिशपपदच रद्द झाले. ते परत आले नाही. आजचा बिशप शेजारच्या स्वासाँचा. म्हणजे नियमाने पाहिले तर हे आता कॅथीड्रल नाही, पण गावातला कुणी ते मानत नाही. १८१४ च्या मार्चमध्ये याच टेकडीपाशी ब्लूखरने नेपोलियनला मागे रेटले. १८५३ पासून बोसविल्वाल्द या वास्तुशिल्पज्ञाने खिळखिळ्या झालेल्या इमारतीची डागडुजी हाती घेतली. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरपासून १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत गाव जर्मनांच्या ताब्यात होते. जवळचे रँसचे कॅथीड्रल तोफांनी पेटले. दक्षिणेला शमँ दे दामच्या कड्यावर १९१७ साली हजारो माणसे मेली. लाँचे मनोरे मात्र वाचले.

सतराव्या शतकात या गावाने ल नँ आडनावाचे तीन भाऊ दिले. आंत्वान, लुई आणि मात्यू हे तिघेही चित्रकार. राजेराजवाड्यांच्या दरबारी चित्रांच्या त्या जमान्यात त्यांनी शेतकऱ्यांची घरे रंगवली. त्यांचे एक शेतकरी कुटुंब पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पुढच्या आठवड्यात मी ते मुद्दाम जाऊन पाहिले. मातकट रंगाची खोली, पाव, वाइनचा पेला, अनवाणी पोरे. घरातली बाई हातात पेला घेऊन सरळ आपल्याकडे पाहते. तिच्या नजरेत याचना नाही आणि उपकाराची अपेक्षाही नाही. सनद मागणाऱ्या त्या माणसांचे चेहरे कसे असतील, याचा विचार मी लाँहून परतल्यापासून करीत होतो. मनोऱ्यावर ते मला सापडले नव्हते. या चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो.